बडोद्यात चालू सँडविचचं दुकान विकत घेताय? पैसे देण्याआधी हे वाचा

फेब्रुवारी २०२३ मध्ये मी फतेगंजमधलं एक चालू सँडविचचं दुकान विकत घेतलं. त्याआधी सोळा वर्षं अकाउंट्समध्ये नोकरी केली होती, त्यामुळे कागद वाचायची सवय होती. तरीही या व्यवहारात मी काही ठिकाणी अडकले, आणि कुणी आधी सांगितलं असतं तर ते सहज टळलं असतं. आता दांडिया बाजार, रावपुरा भागातली ओळखीची मुलं येऊन विचारतात, "ताई, चालू दुकान मिळतंय, घेऊ का?" दर वेळी तेच सांगते, म्हणून एकदा सगळं लिहून काढते आहे.

चालू दुकान घेण्यात फायदा आहेच. गिऱ्हाईक बांधलेलं असतं, मशीन लागलेली असतात, पहिल्या दिवसापासून गल्ला येतो. पण तुम्ही नेमकं काय विकत घेताय हे नीट समजून घ्या. ग्रिलर आणि फ्रीज बाजारात कुणालाही मिळतात. चालू दुकानाची खरी किंमत दोन गोष्टींत असते: ती जागा आणि तो कारीगर. आणि या दोन्ही गोष्टी विकणाऱ्याच्या मालकीच्या नसतात.

१. दुकान का विकतायत, ते आधी शोधा

बडोद्यात सगळ्यात जास्त ऐकू येणारं कारण म्हणजे "मुलगा कॅनडाला आहे, आम्हीही चाललो." पुष्कळदा ते खरंही असतं. पण शेजारच्या पानवाल्याला, झेरॉक्सवाल्याला, समोरच्या मेडिकलवाल्याला विचारल्याशिवाय राहू नका. चहा घ्या, दोन दिवस जा, घाई करू नका. घरमालक भाडं वाढवतोय का, बाजूला नवीन कॅफे येतोय का, कॉलेजचा किंवा क्लासचा पत्ता बदलतोय का, हे त्यांना विकणाऱ्यापेक्षा आधी माहीत असतं.

२. गल्ला स्वतः मोजा

विक्रीचा आकडा कधीही तोंडी घेऊ नका. मला दुकान विकणाऱ्या काकांनी सांगितलं होतं, "रोजचा वकरो (विक्री) दहा हजार, दीडशे सँडविच कुठे गेली नाहीत." वही दाखवली, तीही सुंदर अक्षरात. शाई मात्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकसारखी होती, म्हणजे वही एका बैठकीत लिहिलेली होती.

मग मी तीन संध्याकाळी समोरच्या ओट्यावर बसले: एक मंगळवार, एक शनिवार, एक रविवार. पाच ते साडेदहा. हातातल्या डायरीत पाचपाचच्या रेघा मारत गेले. त्यानंतर २१,००० रुपये बाना, म्हणजे विसार, देऊन, तो परत मिळेल असं लिहून घेऊन, सात दिवस आत गल्ल्याशेजारी बसायची परवानगी मागितली. जो विक्रेता हे सात दिवस द्यायला तयार नसेल, त्याचं दुकान घेऊ नका. या बाबतीत माझं मत अगदी ठाम आहे.

आत बसल्यावर खरी मोजणी ब्रेडवरून होते. पैसे लपवता येतात, ब्रेड लपवता येत नाही. ब्रेडवाला सकाळी किती पुडे टाकतो ते त्याच्या डायरीत असतं. आमच्याकडे रोज १४ पुडे जंबो ब्रेड येत होता. कडेचे दोन तुकडे सोडले तर एका पुड्यात २० स्लाइस कामाच्या. दोन पुडे रोज उरत किंवा वाया जात. म्हणजे वापरल्या गेलेल्या स्लाइस २४०. साध्या आणि मसाला सँडविचला दोन, क्लबला तीन. दहातले दोन गिऱ्हाईक क्लब घेतात असं धरलं तर एका सँडविचला सरासरी २.२ स्लाइस. २४० भागिले २.२, म्हणजे जेमतेम ११०. काकांच्या दीडशेपेक्षा चाळीस कमी.

हाच ताळा चीजच्या एक किलोच्या ब्लॉकवर, पार्सलच्या खोक्यांवर आणि बटाट्याच्या गोणीवर करून बघा. तिन्ही जवळपास जुळले तर आकडा खरा.

आणखी एक गोष्ट. बडोद्यात महिना बघून फसायला होतं. नवरात्रीत गरब्यावरून परतणारी मुलं रात्री एकपर्यंत ग्रिल थंड होऊ देत नाहीत, ते नऊ दिवस बघून कुणीही भुलेल. उलट दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत एम. एस. युनिव्हर्सिटी रिकामी झाली की फतेगंज, सयाजीगंजमधला धंदा निम्म्यावर येतो. उत्तरायणाचे दोन दिवस सगळं गाव पतंग उडवायला गच्चीवर असतं. म्हणून बारा महिन्यांचं बँक स्टेटमेंट आणि यूपीआयचा हिशोब मागा, एका महिन्याचा नको.

३. नफ्याचा हिशोब तुमच्या हाताने मांडा

माझा हिशोब जसाच्या तसा देते. ११० सँडविच, सरासरी ६५ रुपये, म्हणजे ७,१५० रुपये. कोल्ड कॉफी आणि थंड पेयांचे ६००. दिवसाचे ७,७५०, महिन्याचे २,३२,५००.

खर्च असा: कच्चा माल १,०५,०००. भाडं ३२,०००. कारीगर १८,००० आणि दोन मदतनीस मिळून २२,०००. वीज आणि गॅस १३,०००. खोकी, साफसफाई, दुरुस्ती ९,०००. बेरीज १,९९,०००. उरले ३३,५००.

इथे बहुतेक जण थांबतात आणि इथेच मोठी मेख आहे. काकांच्या जीएसटी रिटर्नमध्ये वर्षाची विक्री १६ लाख दिसत होती, माझ्या मोजणीने ती जवळपास २८ लाख होती. रोखीतलं दाखवत नव्हते. मला ते करायचं नव्हतं. उपाहारगृहाला ५ टक्के जीएसटी लागतो आणि त्यात कच्च्या मालावर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. मेनूवरचे दर तेच ठेवले तर २,३२,५०० मधून सुमारे ११,००० रुपये करात जाणार. उरले साडेबावीस हजारांच्या आत. आणि काका रोज बारा तास उभे राहत, त्यांच्या मेहनतीचा पगार खर्चात कुठेच धरलेला नव्हता.

सांगितलेली किंमत होती ११ लाख. मी हा कागद त्यांच्यासमोर ठेवला, आवाज न चढवता एकेक ओळ वाचून दाखवली. सौदा ६ लाखांवर झाला: मशीन आणि फर्निचरचे २ लाख, गुडविलचे, म्हणजे दुकानाच्या नावलौकिकाचे, ४ लाख. डिपॉझिट वेगळं. भाव करायला गोड बोलणं पुरत नाही, बेरीज लागते.

४. घरमालकाला विकणाऱ्याच्या आधी भेटा

सहा लाख देऊन तुम्ही दुकान घेतलं आणि अकरा महिन्यांचा भाडेकरार दोन महिन्यांत संपला, तर तुमच्या हातात काय राहतं? दोन ग्रिलर.

विकणारा म्हणेल, "चिंता ना करो, बद्धुं सेट छे." सेट काहीही नसतं. विकणारा भाडेकरू असेल तर घरमालकाच्या संमतीशिवाय तो ती जागा तुम्हाला देऊच शकत नाही. परस्पर पोटभाडेकरू ठेवला हे जागा खाली करून घ्यायला पुरेसं कारण ठरतं. रावपुरा, मांडवीकडच्या जुन्या दुकानांत तर पागडीचा मामला असतो. तिथे जागेचे कागद वकिलाला दाखवल्याशिवाय बानासुद्धा देऊ नका.

घरमालकाशी थेट नवा करार करा, तुमच्या नावाने. किमान तीन वर्षांचा मागा. एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदणीकृत करावा लागतो, त्याचा खर्च येतो, तो करा. दरवर्षी भाडं किती टक्के वाढणार, खाण्याच्या धंद्याला परवानगी आहे का, धुराडं आणि बाहेरचा ओटा वापरता येईल का, हे सगळं लिहून घ्या. आमच्या पहिल्या मसुद्यात ओट्याचा उल्लेखच नव्हता, आणि आमची निम्मी गिऱ्हाइकं ओट्यावर उभी राहून खातात.

वेरा, म्हणजे महापालिकेचा मिळकत कर, भरल्याची पावती बघा. व्यावसायिक जागेचा वेरा थकला तर महापालिका सील लावते, मग तो घरमालकाने भरायचा होता की तुम्ही, या वादाला दारावरच्या सीलपुढे काही अर्थ उरत नाही. दुकान कॉम्प्लेक्समध्ये असेल तर इमारतीच्या फायर एनओसीचं, म्हणजे अग्निशमन दलाच्या ना हरकत दाखल्याचं, विचारा. मे २०२४ मधल्या राजकोटच्या गेम झोनच्या आगीनंतर गुजरातभर ही तपासणी कडक झाली आहे.

आणि पाणी कुठपर्यंत येतं ते विचारा. हे मी जीव तोडून सांगते. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी धोक्याच्या २६ फुटांच्या पातळीवरून ३५ फुटांच्याही वर गेली, तेव्हा समा, फतेगंज, अकोटा, मुजमहुडा सगळीकडे पाणी होतं. आमच्या दुकानात गुडघाभर चढलं. डीप फ्रीजचा कॉम्प्रेसर तळाशी असतो, तो गेला. ग्रिलर ओट्यावर उचलून ठेवले होते म्हणून वाचले. शेजाऱ्यांना भिंतीवरची खूण दाखवायला सांगा, अजूनही बऱ्याच ठिकाणी रंगाखाली ती रेघ दिसते. विमा घेताना त्यात पूर येतो का हे वाचा. छोट्या धंद्यासाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही पॉलिसी सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे मिळते आणि तिच्यात पूर धरलेला असतो.

५. कारीगराशी वेगळं, शांतपणे बोला

आमचा कारीगर नऊ वर्षं त्या ग्रिलवर उभा होता. हिरवी चटणी तो रोज दुपारी तीनला वाटायचा, कोथिंबिरीच्या काड्यांसकट, बर्फाचे खडे टाकून, म्हणजे मिक्सरच्या उष्णतेने ती काळी पडत नाही. कुठेही लिहिलेलं नव्हतं. तो गेला असता तर चटणी गेली असती, आणि चटणी गेली की फतेगंजच्या मुलांना दुसऱ्याच दिवशी कळतं.

त्याच्याशी मालकासमोर बोलू नका. तो राहणार का, पगार किती, गावी जायची सुट्टी केव्हा, हे विचारा. आणि उपाड विचारा. आपण ज्याला उचल म्हणतो ती. आमच्या कारीगराकडे ४०,००० रुपये उचल होती आणि काकांनी ती रक्कम शेवटच्या दिवशी आमच्याकडे मागितली. कारीगर टिकावा म्हणून आम्ही दिली, पण ती आधी कळली असती तर किमतीतून वजा केली असती. कुणाची किती उचल, दिवाळीच्या बोनसचं काय ठरलंय, कुणाची रजा बाकी आहे, हे करारात लिहून घ्या.

बडोद्यात जैन गिऱ्हाईक मोठं आहे. दुकानात त्यांच्यासाठी ग्रिलर, सुरी आणि पाट वेगळा आहे का बघा. बटाट्याऐवजी कच्च्या केळ्याचा मसाला करतात का, हेही. विश्वासाने येणारी माणसं आहेत, तो विश्वास तुमच्या हातून तुटता कामा नये. आधीच्या मालकाने फक्त पाटीवर 'जैन मिळेल' लिहिलं असेल तर आधी व्यवस्था करा, मग पाटी ठेवा.

६. मशीन, वीज, गॅस

मशीन संध्याकाळच्या गर्दीत चालताना बघा, सकाळी रिकामं बघून उपयोग नाही. ग्रिलरच्या दोन्ही पाट्या सारख्या तापतात का ते ब्रेडवरच्या रेघांवरून दिसतं: एका बाजूच्या रेघा फिक्या म्हणजे कॉइल जायला आली. फ्रीजच्या दाराचं रबर बोटाने दाबून बघा.

विजेचं बिल मध्य गुजरात वीज कंपनीचं येईल. त्यावर मंजूर लोड किती आणि मीटर कुणाच्या नावाने, हे वाचा. तीन ग्रिलर, दोन फ्रीज आणि वर तुम्हाला एसी लावायचा असेल तर लोड वाढवावा लागेल, त्याचं डिपॉझिट वेगळं. गॅस घरगुती १४.२ किलोच्या सिलिंडरवर चालू असेल तर तो बेकायदा आहे. १९ किलोचं व्यावसायिक कनेक्शन स्वतःच्या नावाने घ्या.

७. परवाने: काय नवं, काय बदलून मिळतं

जवळपास सगळं नवं घ्यावं लागतं. 'लायसन्स दुकानाबरोबर येतं' हा समज डोक्यातून काढा.

एफएसएसएआयचा, म्हणजे खाण्याच्या धंद्याला लागणारा अन्नसुरक्षेचा, परवाना धंदा विकला म्हणून नव्या मालकाकडे जात नाही. त्यांच्या फॉसकॉस पोर्टलवर स्वतःच्या नावाने अर्ज करा. मी अर्ज केला तेव्हा वर्षाला १२ लाखांपर्यंतच्या विक्रीला १०० रुपयांची साधी नोंदणी पुरत होती, त्यावर राज्याचा परवाना, वर्षाला २,००० रुपये. तुमच्या अर्जाच्या दिवशीची मर्यादा पोर्टलवर बघून घ्या. आमची मोजणी २८ लाखांची, म्हणजे परवानाच लागणार होता. काकांकडे मात्र नोंदणीचा कागद लावलेला होता. ताबा घ्यायच्या निदान दोन महिने आधी अर्ज टाका. परवान्याचा १४ अंकी नंबर बिलावरही छापावा लागतो.

जीएसटी नंबर पॅनवर असतो, म्हणून तोही नवा. गुमास्ताधाऱ्याची (दुकान-आस्थापना कायद्याची) नोंद आणि व्यवसाय वेरा (प्रोफेशनल टॅक्स) महापालिकेकडे. मुख्य कचेरी खंडेराव मार्केटमध्ये आहे, पण आधी तुमच्या वॉर्ड कचेरीत विचारा, एक हेलपाटा वाचतो. वजनकाटा असेल तर त्यावरची तोलमापची मोहोर बघा. तिन्ही नोकरांचे आरोग्य तपासणीचे दाखले करून घ्या.

विकणाऱ्याकडून मागायचे कागद:

- बारा महिन्यांचं बँक स्टेटमेंट आणि यूपीआयचा हिशोब
- मागच्या दोन वर्षांची आयकर आणि जीएसटी रिटर्न
- भाडेकरार, डिपॉझिटची पावती, वेऱ्याची पावती
- वर्षभराची वीजबिलं
- मशीनची बिलं आणि वॉरंटी; हप्त्यावर घेतलेलं असेल तर कर्ज फिटल्याचं पत्र
- ब्रेड, चीज, भाजी, थंड पेयं देणाऱ्यांची देणी, प्रत्येकाच्या सहीने
- नोकरांचा पगार, उचल आणि बोनसची यादी
- दुकानाचं नाव ट्रेडमार्क म्हणून नोंदलेलं असेल तर त्याचा दाखला

तुमच्याकडचे: पॅन, आधार, फोटो, नवा भाडेकरार, घरमालकाचं संमतीपत्र, बँकेचा रद्द केलेला चेक.

८. करार आणि पैसे

वकील आणि सीए दोघांनाही बसवा. दोघांच्या फीचे मिळून आमचे २५,००० रुपये गेले.

सगळ्यात महत्त्वाचं थकलेल्या कराचं. जीएसटी कायद्याच्या कलम ८५ प्रमाणे धंदा हस्तांतरित झाला की त्या दिवसापर्यंतचा थकलेला कर, व्याज आणि दंड जुन्या आणि नव्या, दोन्ही मालकांकडून वसूल होऊ शकतो. काकांची लपवलेली विक्री उद्या माझ्या दारात येऊ शकत होती. म्हणून आम्ही एक लाख रुपये सहा महिने राखून ठेवले आणि ताब्याच्या तारखेआधीचं कुठलंही देणं निघालं तर ते काकांनी भरायचं, असं लिहून घेतलं. त्यांना आवडलं नाही. मी ऐकलं नाही.

दुसरं, तोच माणूस दोनशे मीटरवर नवं दुकान टाकणार नाही याची खात्री. धंदा करण्यापासून कुणाला अडवणारा करार एरवी आपल्याकडे रद्दबातल ठरतो, पण भारतीय करार कायद्याच्या कलम २७ मध्येच गुडविल विकणाऱ्यासाठी अपवाद आहे: ठरावीक भागात तसाच धंदा करणार नाही असं बंधन त्याच्यावर घालता येतं, ते वाजवी असलं पाहिजे. म्हणून करारात 'गुडविल' हा शब्द आणि त्याची रक्कम स्वच्छ लिहा. आम्ही तीन किलोमीटर आणि तीन वर्षं लिहिलं. 'संपूर्ण गुजरातमध्ये' असलं काही लिहू नका, ते टिकायचं नाही.

पैसे बँकेतून द्या. "निम्मे रोख द्या, स्वस्तात देतो" असं हमखास ऐकाल. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्यात बसत नाही, आणि तुमच्यासाठी त्याहून वाईट म्हणजे उद्या वाद झाला तर त्या रोखीचा पुरावा नाही. वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यायला लावा. आमच्या नोटिशीनंतर एक फर्निचरवाला ३८,००० रुपयांचं जुनं बिल घेऊन आला, ताब्याच्या आधी.

९. ताब्याचा दिवस

कागद पुरे झाले की पहिलं काम क्यूआरचं. ताब्याच्या दिवशी आम्ही गल्ल्यावरचा क्यूआर आणि पैसे आल्याचं बोलून सांगणारा डबा बदलला, पण ओट्याच्या खांबावर एक जुना स्टिकर राहिला. शनिवारची गर्दी, मुलं तिथूनच स्कॅन करत होती, मोबाइल दाखवत होती, आम्ही मान हलवत होतो. रात्री हिशोबात २,९४० रुपये कमी. काकांनी ते दुसऱ्या दिवशी प्रामाणिकपणे परत केले, पण सगळेच करतील असं नाही. भिंत, खांब, पार्सलची पिशवी, मेनूकार्ड, सगळीकडचे जुने कोड नखाने खरवडून काढा.

झोमॅटो-स्विगीवरची खाती तुमच्या पॅनवर, परवान्यावर आणि बँकेवर बदलून घ्या. ते होईपर्यंत ऑर्डरचे पैसे जुन्या मालकाकडे जातात, त्यामुळे रोजचा हिशोब लिहून त्यावर दोघांच्या सह्या घ्या. गूगलवरच्या दुकानाच्या पानाची मालकीही त्यांच्याच फोनवरून, समोर बसून, तुमच्या नावावर करून घ्या. ताब्यानंतर ते फोन उचलतीलच असं धरू नका.

जुने मालक पहिले पंधरा दिवस संध्याकाळी दुकानात बसतील, हे करारातच लिहा. त्या पंधरा दिवसांत मेनूवरचा एकही पदार्थ बदलू नका. दर वाढवायचे तर ते महिन्याभराने, पाच रुपयांनी, आणि आधी पाटी लावून. ब्रेडवाला, दूधवाला, चीजचा डिलर यांच्याकडे तुमच्या नावाची नवी खाती उघडा आणि जुन्या खात्यावर त्या दिवशीची तारीख टाकून रेघ मारून घ्या, त्यांच्या सहीसकट.